टीप नको, गोष्ट सांगा

मराठीत लिहिणाऱ्यांना हल्ली एक सल्ला वारंवार मिळतो. 'नरो वा कुंजरो वा' लिहू नका, वाचकाला कळत नाही. 'ध चा मा' चालेल, पण शेजारी कंसात खुलासा द्या. 'सुदाम्याचे पोहे' काढा, सरळ 'साधीशी भेट' म्हणा. असा सल्ला देणारे संपादक किंवा पाठ्यपुस्तकं करणारे लोक वाईट नसतात. वाचक अडखळू नये एवढंच त्यांना वाटतं. तरीही हा सल्ला भाषेचं नुकसान करतो असं माझं मत आहे, आणि त्यासाठी मी कोकणाकडे बोट दाखवणार आहे. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही अशी माणसंसुद्धा उल्लेखांनी भरलेली भाषा सहज बोलत होती. ती कशी बोलत होती, याचा माग या किनाऱ्यावर अजून काढता येतो.

असा उल्लेख वाक्यात नेमकं काय करतो? ग्रामसभेत पाणीयोजनेच्या खर्चाबद्दल विचारल्यावर मिळालेलं उत्तर 'नरो वा कुंजरो वा' आहे, असं कुणी म्हणालं तर त्याने उत्तर देणाऱ्याला खोटारडा म्हटलेलं नाही. युधिष्ठिर खोटं बोलला नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. पण द्रोणाचार्यांच्या कानावर जे जावं अशी पांडवांची इच्छा होती तेच गेलं, आणि त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. म्हणजे बोलणारा सत्यवचनी म्हणून प्रसिद्ध, त्याचं वाक्य अक्षरशः खरं, परिणाम फसवणुकीचा, आणि फसलेला माणूस त्याच्या शब्दावर सर्वांत जास्त विसंबणारा, शिवाय त्याचा गुरू. एवढा सगळा आरोप त्या शब्दांत मावतो. त्याऐवजी 'अर्धसत्य' लिहिलं की यातलं बरंचसं सांडून जातं.

'ध चा मा' घ्या. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या शब्दाचं कुणीतरी 'मारावे' केलं आणि ठपका आनंदीबाईवर आला. ती हकिकत पुराव्याला कितपत उतरते हा इतिहासकारांचा प्रांत. भाषेने मात्र त्यातून हुकुमाच्या कागदात बदललेलं एक अक्षर आणि त्यापायी गेलेला जीव उचलला. शासन निर्णयातला एक शब्द बदलल्यामुळे कुणाची जमीन गेली, तर त्या घटनेला याहून नेमकं नाव मराठीत नाही.

आता कोकणाकडे वळतो. सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. रात्री पालखीची प्रदक्षिणा आटोपली की देवळापुढे दशावतार उभा राहतो. जुनी माणसं त्याला धयकालो म्हणतात. पेटी, पखवाज, झांज आणि मध्ये एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. संहिता लिहिलेली नसते. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणाच्या पाठोपाठ कुणी यायचं एवढं आपसांत बोलून घेतलं जातं, आणि मग राजपार्ट करणारा नट पहाटेपर्यंत संस्कृतप्रचुर मराठीत संवाद जागच्या जागी रचत जातो. त्याच्यासमोर स्त्रीपार्ट करणारा पुरुष नट त्याच तोडीचं उत्तर देतो.

हे शक्य कसं होतं? नटाची तयारी असतेच, पण खरी मदार समोर बसलेल्यांवर असते. त्यांना गोष्ट ठाऊक असते. कर्णाचं चाक रुतणार आहे हे कळायला त्यांना नट लागत नाही. आजचा कर्ण त्या क्षणी काय बोलेल, कृष्णाला काय विचारेल, हे ऐकायला ते थंडीत घोंगडी पांघरून बसलेले असतात. एखाद्या नटाने नातं चुकवलं, मामाचा काका केला, तर पहिल्या रांगेतली आजी चुकचुकते. ती कधी शाळेत गेली नसेल, पण या विषयातली परीक्षक तीच.

या खेळाच्या पूर्वरंगात संकासुर येतो. काळ्या कपड्यांतला, वेद चोरून नेणारा राक्षस. देव प्रमाण मराठी बोलतात आणि हा मालवणीत. तो भटजीची टर उडवतो, गावातल्या रस्त्याच्या खड्ड्यावर बोलतो, सरपंचाला टोमणा मारतो. पुराणातला चोर गावातल्या चोरीबद्दल बोलू लागतो तेव्हा कोणत्या चोरीबद्दल चाललंय हे गावाला सांगावं लागत नाही. बाहेरगावचा पाहुणा मात्र शेजाऱ्याला विचारतो, 'लोक हसले कशाला?' उल्लेख दोन्ही बाजूंनी वाहतो, पुराणातून गावात आणि गावातून पुराणात. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आलं आणि हजारो प्रयोग चाललं, ते याच शिदोरीवर. गावातली मंडळी महाभारताचं नाटक बसवतात आणि त्याचा बोजवारा उडतो. द्रौपदीची खरी कहाणी ज्याला माहीत नाही त्याला तिथे फक्त गोंधळ दिसतो. ज्याला माहीत आहे तो हसून लोळतो.

या रात्रींत पोरं अर्धी झोपेत असतात. युद्धाचा पखवाज सुरू झाला की उठतात, पुन्हा आईच्या मांडीवर आडवी होतात. त्यांना कुणी टीप देत नाही, शब्दार्थ सांगत नाही, शेवटी प्रश्न विचारत नाही. पाचसहा जत्रा अशा झाल्या की शकुनी, कुंभकर्ण, बळी, हिरण्यकश्यपू ही त्यांच्या ओळखीची माणसं झालेली असतात. मग घरात 'निजलो हा बघ कुंभकर्णासारखो' किंवा 'ह्येचा रामायण काय सोपना नाय' ही वाक्यं विद्वत्ता म्हणून येत नाहीत. शेजाऱ्याचं नाव घ्यावं तशी ती नावं येतात.

रत्नागिरीकडे गणपतीत जाखडी नाचते, तिच्यातला शक्ती-तुऱ्याचा सामना तर याहून कडक. एक बाजू शक्तीची, दुसरी शिवाची. एक शाहीर गाण्यातून पुराणातलं कोडं घालतो आणि समोरच्या शाहिराला त्याची उकल गाण्यातूनच करावी लागते. हे शाहीर बहुतेक शेतकरी किंवा मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी. कुणाचं उत्तर चुकलं ते ऐकणाऱ्यांना कळतं आणि पुढच्या वर्षापर्यंत वाडीत त्याची आठवण काढली जाते. शाहिराला पुस्तक धुंडाळावं लागतं, म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. संदर्भ जिवंत ठेवण्याची इतकी पक्की व्यवस्था आपल्या विद्यापीठांनी उभी केलेली मला तरी दिसलेली नाही.

यातून माझा मुद्दा असा निघतो की उल्लेख कळतो तो आधी ऐकलेल्या गोष्टीच्या बळावर. गोष्ट ऐकण्याची जागा गेली की उल्लेख आपोआप मुका होतो. आपण मात्र त्या मुकेपणाचा दोष कधी वाचकावर ढकलतो, कधी खुद्द उल्लेखावर. मग कुणी मुलांना अडाणी ठरवतो, कुणी वाक्यच कापतो. गोष्टीचं काय झालं हे दोघेही विचारत नाहीत.

संस्कृत काव्यशास्त्राला ऐकणाऱ्याचं हे महत्त्व पक्कं माहीत होतं. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'सूर्य मावळला' हे एकच वाक्य घेतलं आणि ते कुणाच्या कानावर पडलं तर काय अर्थ होतो याची यादीच दिली. लढवय्याला वाटतं, शत्रूवर चालून जायची वेळ झाली. मजुराला वाटतं, काम थांबवू या. गुराख्याला वाटतं, गाई आत घ्या. दुकानदार माल आवरायला लागतो, कुणी संध्येला बसतं, आणि वाट बघणारी एक म्हणते, अजून आला नाही. वाक्य तेच, त्यातलं कोणतं दार उघडेल ते ऐकणाऱ्याच्या आयुष्यावर ठरतं.

याचं आपल्याकडचं उदाहरण मला फार टोचतं. पुण्यात 'रामदास' म्हटलं की मनाचे श्लोक आठवतात. रेवस-अलिबागच्या बाजूला एखाद्या म्हाताऱ्यापुढे 'रामदास' म्हणा. त्याला बोट आठवते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. देशाला स्वातंत्र्य मिळायला महिनाही उरला नव्हता. पावसाळ्यात समुद्रावर जायला निघालेल्या तरण्याला घरातली म्हातारी 'रामदासची आठवण ठेव' म्हणते तेव्हा ती संपूर्ण प्रवचन देऊन मोकळी होते. पण मराठी साहित्यात हा उल्लेख कुठे आहे? पानिपत सगळ्या महाराष्ट्राचं झालं, रामदास बोट रायगडच्या किनाऱ्यापुरती राहिली. हीच गत चरीच्या संपाची. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी कसायला नकार दिला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. 'चरीसारखं टिकायला हवं' हे वाक्य मराठीत वाक्प्रचार व्हायच्या योग्यतेचं आहे. झालं नाही, कारण ती गोष्ट तालुक्याच्या वेशीबाहेर कुणी सांगितली नाही.

'जुने उल्लेख टाका' म्हणणाऱ्यांचा एक आवडता साक्षीदार आहे, मालगुंडचा. 'जुने जाउं द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका' असं केशवसुतांनीच म्हटलंय, असं ते सांगतात. ओळ खरी आहे, 'तुतारी'तली आहे. पण ती उद्धृत करणाऱ्यांनी कविता शेवटपर्यंत वाचावी. शेवटच्या कडव्यात काय आहे? पूर्वीपासून आजपर्यंत सुर आणि असुर तुंबळ लढत आहेत, सध्या दानव फार माजले आहेत, 'देवांच्या मदतीस चला तर!' जुनं जाळा म्हणणारा कवी शेवटी हाक घालतो ती जत्रेतल्या आख्यानाच्या भाषेत. हा विसंवाद आहे का? मला नाही वाटत. त्या कवितेत दानव कोण आहे ते बघा. दंभ, धर्माचं अवडंबर, माणसाला जखडणारी रूढी. ज्या पुराणातून रूढी आपला आधार घेत होती, त्याच पुराणातलं युद्ध कवीने रूढीविरुद्ध उभं केलं.

त्याच कवितेत 'नियमन मनुजासाठी, मानव नसे नियमनासाठी, जाणा' अशी ओळ आहे. बायबल वाचलेल्याला तिथे मार्काच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन ऐकू येतं, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस, माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही. म्हणजे एका कवितेत सुरासुर आणि शुभवर्तमान शेजारी शेजारी उभे आहेत, आणि कवी दोघांपैकी कुणाचाही पत्ता देत नाही. न कळणाऱ्याला ओळ तरीही कळते. नियम माणसासाठी असतो, यात अवघड काही नाही. कळणाऱ्याला मात्र आणखी एक गोष्ट दिसते. ज्या कडक शास्त्र्यांना उद्देशून येशू हे बोलला त्यांच्या रांगेत कवीने आपल्या गावचे शास्त्री नेऊन बसवले आहेत.

चांगल्या उल्लेखाची माझी कसोटी इथेच आहे. गोष्ट ठाऊक नसलेल्यालाही वाक्याने रिकाम्या हाती परत पाठवू नये, आणि ठाऊक असलेल्याला दोन घास जास्त द्यावेत. देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर या कसोटीला फार सुंदर उतरतात. त्यांच्या एका कवितेत शेक्सपिअर तुकोबांना भेटायला येतो आणि भेटीचा सोहळा होतो तो दुकानात. दुकानात का, हे तुकोबांच्या घरचा वाण्याचा व्यवसाय माहीत असेल तर कळतं. नसेल तर दोन मोठी माणसं साध्या जागी भेटली एवढा आनंद कुणी काढून घेत नाही. उलट काही समीक्षक आणि अग्रलेखकार दर दोन ओळींना असे उल्लेख पेरतात की वाचकाला परीक्षेला बसल्यासारखं वाटावं. त्याला मी मिरवणं म्हणतो. ते कापलं तर माझी काही तक्रार नाही.

आता या सगळ्यावरचा खरा आक्षेप. तो 'कळत नाही' हा नाहीच. तो असा आहे की मराठीच्या उल्लेखांचं भांडार एका बाजूचं आहे. पुराणं, पेशवाई, संत, संपलं. ज्याच्या आजोबाला देवळाच्या पायरीच्या खाली उभं राहून दशावतार बघावा लागला, त्याने शंबूक आणि एकलव्याच्या गोष्टी आपल्या म्हणून का ऐकाव्यात? दाभोळच्या मुसलमानाने, वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरातल्या मुलीने हे का शिकावं? कोकणातल्या सभांमध्ये 'परशुरामाच्या या भूमीत' अशी सुरुवात झाली की समोरच्या गर्दीतल्या बऱ्याच जणांना त्या वाक्यात आपली जागा सापडत नाही, हे मान्य करायला हवं.

पण ज्यांना जागा नव्हती त्यांनी काय केलं तेही बघावं. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण काढलं, चिपळूणजवळच्या डोंगरावर त्याचं देऊळ आहे, तो चिरंजीव आहे, ही गोष्ट जोतीराव फुल्यांना चांगली माहीत होती. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी परशुरामाच्या नावे पत्र घातलं. तू चिरंजीव आहेस ना, मग सहा महिन्यांच्या आत समोर ये, अशी त्याला मुदतच दिली. गोष्ट नाकारण्यापेक्षा तिचा शब्द न् शब्द खरा धरला आणि तिला तिच्याच बोलण्यात पकडलं. वामनाने ज्याला पाताळात घातलं त्या बळीला त्यांनी नायक केलं. त्यांना आधार होता घरोघरच्या बायकांचा, ज्या ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत आल्या होत्या. आज प्रत्येक वर्तमानपत्र शेतकऱ्याला 'बळीराजा' लिहितं. ते लिहिताना त्या नावातलं भांडण कुणाच्या मनात असतं की नाही, ही शंका वेगळी.

आणि महाड. १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात तुलना केली ती १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी. समोर बसलेल्या शेतमजुरांपैकी, पेन्शनर शिपायांपैकी किती जणांनी ती सभा जिथे भरली त्या व्हर्सायचं नाव ऐकलं असेल? आजच्या सल्लागाराने तो उल्लेख नक्की कापला असता. बाबासाहेबांनी तो ठेवला आणि त्यामागची हकिकत लोकांना सांगितली. ऐकणाऱ्याला कमी न लेखता त्याच्यापुढे जगाचा इतिहास मांडला, आणि तुम्ही जे इथे करताय ते त्या रांगेतलं आहे असं सांगितलं. या लेखात मला जे म्हणायचंय ते त्या भाषणात करून दाखवलेलं आहे. पुढे 'चवदार तळं' हाच मराठीतला एक मोठा उल्लेख झाला. ज्यांना भांडारात जागा नव्हती त्यांनी भांडार वाढवलं.

किनाऱ्यावरच्या इतर लोकांनीही हेच केलं. गोव्याच्या साष्टीत राहिलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने १६१६ साली येशूची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. नाव 'ख्रिस्तपुराण', आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलेलं. धर्मप्रसाराचा हेतू उघड होता, पण ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून काय वाजतंय हे त्याने ओळखलं होतं. रायगडच्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांत एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनं होऊ लागली, बायबलमधल्या जुन्या करारातल्या कथांवर. आख्यान भावांनीच विकून टाकलेल्या योसेफाचं आणि चाल आपल्या कीर्तनाची. ही कीर्तनं जत्रेतल्या नाटकासारखी सर्वांच्या कानावर आली असती तर 'योसेफाचे भाऊ' हा वाक्प्रचार आज मराठीत असता, भाऊबंदकीला त्याची गरजही फार होती.

राजकारणातल्या वापराबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे बोलण्यासारखं फारसं नाही. नाव न घेता 'शकुनी' म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या आणि कुणी विचारलं तर 'मी कुणाचं नाव घेतलं?' म्हणायचं. हा पळपुटेपणा आहे. 'पानिपत' या शब्दाची तर आपण वर्तमानपत्रांतून माती केली. १७६१ च्या त्या जानेवारीत महाराष्ट्रातलं घर न् घर रडलं असं सांगतात, आणि आम्ही नगरपंचायतीच्या सतरापैकी चार जागा गेल्या की कुणाचंतरी पानिपत करतो. संपादकांना कापायचंच असेल तर हे कापावं. अशा वापराने उल्लेख झिजतो आणि मग खऱ्या पराभवाच्या वेळी हाताशी काही उरत नाही.

'मुलांना संदर्भच नाहीत' ही तक्रारही मला पटत नाही. मुलांच्या मोबाइलवर दिवसभर दुसरं काय चाललेलं असतं? चित्रपटातला एक चेहरा, एक अर्धा संवाद, क्रिकेटपटूचा एक हावभाव, आणि त्याखाली वर्गातल्या मास्तरांबद्दल एक ओळ. तो उल्लेखच आहे आणि तो ओळखण्यात ती पोरं कमालीची चपळ आहेत. ठाऊक असलेल्या गोष्टीचा तुकडा दाखवून नवी गोष्ट सांगायची, हे संकासुराचंच तंत्र. फरक आयुष्याचा आहे. तो चेहरा सहा महिन्यांत शिळा होतो, मग त्यावर काही रचता येत नाही. सत्तर वर्षांची आजी आणि बारा वर्षांचा नातू एकाच गोष्टीवर हसतील अशी गोष्ट हवी असेल तर तिला थोडं वय असावं लागतं.

मग करायचं काय? शाळेपासून बोलतो, कारण बिघाड तिथे जास्त आहे. आपण कित्येक पिढ्यांना 'संदर्भासह स्पष्टीकरण' लिहायला लावलं. कोण कुणाला कधी म्हणालं, दोन गुण. तळटिपेत 'भगीरथ : एक पौराणिक राजा'. या टिपेने कुणाला भगीरथ कळला? पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी गंगा आणायचा प्रयत्न करत होतं, आजोबा त्यात गेला, बाप गेला, मग हा उभा राहिला, हे ऐकल्यावर 'भगीरथ प्रयत्न' या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. टीप गोष्टीचा मृत्यूचा दाखला देते, तोही घाईघाईने.

माझी मागणी अवाढव्य नाही. मराठीच्या तासांपैकी आठवड्याचा एक तास नुसता गोष्ट सांगायला द्यावा. प्रश्नोत्तरं नाहीत, वहीत लिहिणं नाही. त्यात महाभारत असेल, जातककथा असेल, योसेफ आणि त्याचे भाऊ असतील, करबला असेल, चवदार तळं असेल, चरीचा संप आणि रामदास बोट असेल. कोणत्या गोष्टी, ते जिल्ह्याने ठरवावं. सिंधुदुर्गाची यादी आणि रायगडची यादी एकच असायचं कारण नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही हा तास सक्तीचा असावा, कारण कोकणातल्या ज्या मुलांचा मराठीशी संबंध फक्त घरच्या जेवणापुरता उरलाय ती तिथेच आहेत. सांगणारे कुठून आणणार, हा प्रश्न मुंबईत पडेल. इथे पडू नये. संहितेशिवाय चार तास बोलणारे नट तालुक्यात आहेत, कोडी घालणारे शाहीर वाडीत आहेत. त्यांना शाळेत बोलवावं आणि रीतसर मानधन द्यावं. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन 'लोककलेचं जतन' म्हणून फोटो काढण्यापेक्षा ते स्वस्तही पडेल.

वर्तमानपत्रांना एवढंच सांगणं आहे की वाचकाच्या वतीने घाबरू नका. ज्याला 'नरो वा कुंजरो वा' अडेल तो घरात कुणालातरी विचारेल, आणि विचारलं की उत्तराच्या जागी त्याला गोष्ट मिळण्याची शक्यता आहे. कंसातला खुलासा ती शक्यता बंद करतो.

अडचण एकच मला दिसते आणि ती वेळापत्रकाची आहे. दशावताराची मंडळं कार्तिकापासून वैशाखापर्यंत रोज रात्री वेगळ्या गावात असतात, दिवसा झोपतात. मिरग लागला की त्यातले बरेच जण शेतात. शक्ती-तुऱ्याचे शाहीर गणपतीत हाती लागणार नाहीत, पुढे भातकापणी आहे. तेव्हा हा तास सुरू करायचा तर लावणी आटोपल्यावर, श्रावणात. जिल्हा परिषदेने त्या महिन्यात शिक्षकांची प्रशिक्षणं ठेवू नयेत म्हणजे झालं.